हंगामाबाहेरचा चेंडू

"तिला मान जरा ताठ ठेवायला सांग," डॉक्टर प्रूट मला म्हणाला.

मी मावशीला सांगितलं. मावशी पालथ्या बादलीवर बसून चिलीम ओढत होती. तिने सावकाश धूर सोडला.

"त्याला म्हणावं, आजवर गोऱ्यांनी मला मान वाकवायलाच सांगितलं. ताठ ठेव म्हणणारा हा पहिलाच. बरा दिसतोय मेला."

"ती हो म्हणतेय," मी डॉक्टरला सांगितलं. नदीपलीकडच्या क्वेकर पंथाच्या मिशनरी बायांनी मला त्यांच्या शाळेत इंग्रजी शिकवलं होतं, त्यामुळे गावात दुभाष्याचं काम माझ्याच गळ्यात पडायचं. मावशीचं बोलणं जसंच्या तसं पोचवलं असतं तर आमची रोज एक लढाई झाली असती.

डॉक्टरच्या हातात लोखंडी चिमटा होता, खेकड्याच्या नांग्यांसारखा दोन्हीकडून वळलेला. तो त्याने मावशीच्या कानांवर लावला, कपाळ आणि मानेवर लावला, आणि दर वेळी पट्टीवरचा आकडा वाचून मान डोलावली. अर्धं गाव तमाशा बघायला जमलं होतं. त्याचं म्हणणं असं, की कवटीच्या मापावरून माणसाची अक्कल कळते, आणि एका माणसाचीच नव्हे, अख्ख्या जमातीची. पूर्वेकडच्या मोठ्या शहरांत म्हणे विद्वान लोक जगभरच्या कवट्या फडताळात मांडून बसले होते, आणि आम्हा शॉनी लोकांच्या कवट्यांची त्यांना फार टंचाई होती. आमची डोकी बहुधा अजून आमच्या मानांवर होती, म्हणून असेल.

"मोठं कोणाचं निघालं? माझं का त्याचं?" मावशीने विचारलं.

मी विचारलं. डॉक्टरने हौसेने चिमटा स्वतःच्या डोक्याला लावला. आकडा वाचला. पुन्हा लावला. मग चिमट्याचा स्क्रू तपासू लागला.

"उपकरण जरा सैल झालेलं दिसतंय," तो म्हणाला.

हे मात्र मी शब्दन् शब्द सांगितलं. मावशी इतकी हसली, की चिलीम विझली.

हे सगळं ओहायोतलं, ऑग्लेझ नदीकाठच्या वापाकोनेटा गावातलं. मी तेव्हा नुकती विशीत आले होते. सरकारने आमच्याशी करार केला होता, की शेतं, घरं, फळझाडं सगळं सोडून आम्ही मिसिसिपी नदी ओलांडायची आणि कान्सासात जायचं, आणि तिथली जमीन आमची कायमची. गवत उगवेल आणि पाणी वाहील तोवर. कायमची म्हणजे किती, ते मी आता सांगू शकते. कान्सासातूनही आम्हाला उठवलं. आता आम्ही चेरोकी जमातीच्या मुलखात त्यांचे पाहुणे म्हणून राहतो, आणि ही जागाही अर्थात कायमचीच आहे. आमच्या वाट्याचं गवतच मेलं उगवायचा कंटाळा करतं, त्याला सरकार तरी काय करणार?

असो. डॉक्टरने चिमटा पेटीत ठेवला आणि माझ्याकडे वळला.

"तुझी आई फार उंच होती म्हणतात."

होती. आमच्या दारातून आत यायला तिला चांगलंच वाकावं लागायचं. दारूत पाणी घालून विकणाऱ्या एका व्यापाऱ्याला तिने एकदा बखोटीला धरून त्याच्याच पिंपात बसवलं होतं, आणि ती गोष्ट आसपासचे गोरे शेतकरी अजून आपल्या पोरांना सांगायचे. तिला जाऊन दोन हिवाळे झाले होते. नदीकाठी आमची बाकीची माणसं होती तिथेच तीही होती, मातीच्या एका लांबट उंचवट्याखाली. वर लाकडाचं बुटकं छप्पर होतं. आईला ते छप्पर आखूड पडलं होतं, आणि हिवाळ्यात बर्फ पडलं की मला उगाच वाटायचं, तिचे पाय बाहेर राहिले असतील.

"नदीकाठची ती जमीन मी घेतलीय," डॉक्टर म्हणाला. "तुम्ही गेलात की ती माझी. मला तुझ्या आईची कवटी हवी आहे. लपूनछपून काही करायचं नाही मला. तुम्ही जागा दाखवा, मी तेवढीच उघडीन, नीट, आदराने. नाही दाखवलीत, तर मला एकेक उघडून बघावी लागेल, आणि ते कोणालाच बरं वाटणार नाही."

हे तो इतक्या गोड आवाजात बोलत होता, की माझे हात जागेवरच राहिले. तो ओरडला असता तर मी त्याचं तोंड ओरबाडलं असतं.

"आम्ही सगळे उंचवटे मोडून जमीन सपाट केली तर?" मी म्हणाले.

तो समजुतीने हसला. "पुष्कळांनी करून पाहिलंय ते. उकरलेली माती शेजारच्या मातीसारखी कधी दिसत नाही. गवताच्या हिरव्या अंगावर ठिगळ दिसतंच, वर्षभर दिसतं. मला ते ओळखायची सवय आहे."

मग त्याने निळ्या कागदात गुंडाळलेली साखरेची एक मोठी ढेप काढली आणि मावशीपुढे ठेवली. ही म्हणे भेट, विचार करायला.

मी मावशीला सगळं सांगितलं. या वेळी काहीही गाळलं नाही. सगळे मावशीकडे बघू लागले, कारण ती नुसती माझी मावशी नव्हती, बायकांची म्होरकी होती. आमच्यात पुरुषांनी सभेत लढाई ठरवली तरी बायकांची म्होरकी येऊन नको म्हणाली, की तरुण पोरं निमूट हत्यारं खाली ठेवायची. अशी बाई आता डॉक्टरच्या टाळक्यात चिमटा घालणार, असं मला वाटलं. मी त्याचीच वाट बघत होते.

"कधी परत येणार, विचार त्याला," मावशी म्हणाली.

"खोकी आणि लाकडाचा भुसा आणायला शहरात जातोय. चार-पाच दिवसांत येईन," डॉक्टर म्हणाला.

"सावकाश ये म्हणावं. साखर ठेवून जा."

डॉक्टरने टोपी काढून तिला नमस्कार केला आणि गेला. मावशीने निळा कागद सोडला, ढेपेचा कोपरा दगडाने फोडला आणि तोंडात टाकला.

मला माझ्या आयुष्यात कोणाचा इतका राग आला नव्हता. "तुझी बहीण आहे ती!" मी सगळ्यांसमोर ओरडले. "आणि तू साखर खातेस!"

"साखरेनं कोणाचं घोडं मारलंय?" मावशी म्हणाली. "घे, तूही खा. अंगात ताकद लागणारे."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की म्होरकीने सख्ख्या बहिणीचं डोकं साखरेला विकलं. आमच्या गावात घोडा हरवला तर आठ दिवस पत्ता लागायचा नाही, पण अशी बातमी मात्र वाऱ्याच्या पुढे धावायची. मावशीच्या कानावर ती गेली असणारच. तिने काही केलं नाही. उरलेली साखर पोरांना वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला घेऊन वेथोका काकांकडे गेली. का घेऊन गेली, ते सांगितलं नाही, आणि मी तिच्याशी बोलत नसल्यामुळे विचारलंही नाही.

वेथोका काका चेंडू सांभाळायचे. हे ऐकून हसू नका. वसंतात आमचा भाकरीचा नाच असतो. त्यात बायका भाकऱ्या करतात, पुरुष शिकार आणतात, आणि वर्षाची पेरणी सुरू होते. त्याच्याआधी चेंडूचा खेळ होतो, बायका विरुद्ध पुरुष. चेंडू हरणाच्या कातड्याचा, आत हरणाचे केस. पुरुषांनी तो फक्त लाथाडायचा, हात लावायचा नाही. बायकांनी मात्र काहीही करावं: उचलावा, फेकावा, पोटाशी धरून पळावं, आणि आड येईल त्या पुरुषाला आडवा करावा. वर्षभर बायकोचं न ऐकणारे नवरे त्या दिवशी सकाळपासून गप्प गप्प असायचे. हरणाऱ्यांनी नाचासाठी जळणाची लाकडं आणायची. पण हा काही पोरखेळ नाही. हंगाम संपला, की काका प्रार्थना म्हणून चेंडू बांधून ठेवायचे, आणि पुढच्या वसंतापर्यंत कोणी त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. हंगामाबाहेर खेळलं तर आभाळ कोपतं, पिकं बुडतात, माणसं आजारी पडतात.

आणि तेव्हा मक्याची कापणी होऊन गेली होती. झाडांची पानं पिवळी पडत होती.

"चेंडू काढ," मावशी दारातूनच म्हणाली.

काका सामान बांधत होते. त्यांनी दोरीची गाठ मारली, वर बघितलं आणि म्हणाले, "टर्कीला मोसम कळत नाही, नुसता कलकलाट कळतो."

आमच्यात प्रत्येकाचं नाव कुठल्या ना कुठल्या प्राण्याच्या गटात मोडतं, आणि एका गटाने दुसऱ्याची टर उडवायची हा रिवाजच आहे. मावशी टर्की पक्ष्याच्या गटातली, काका घोड्याच्या.

"आणि घोड्याला समोरचा रस्ता सोडून काही दिसत नाही," मावशी म्हणाली. "काढ म्हणते ना."

"कशासाठी?"

"खेळायला. चेंडू काय उकडून खातात?"

"तामेथा, वेड लागलंय तुला? हंगाम कधीच संपला. मी स्वतः बांधून ठेवलाय तो. आता सोडला तर वाटेत काय काय होईल ठाऊक आहे? आधीच तिकडे पटकीची साथ आहे म्हणतात."

"पुढच्या वसंतात आपण इथे असणार का?"

काका पुन्हा दोरीची गाठ आवळू लागले.

"नाही ना? मग या मातीवर खेळायचा हंगाम यापुढे कुठला?"

"नियम मी केला नाही," काका म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "आजीनं घालून दिलाय."

आजी म्हणजे आमची सगळ्यांची आजी, जिने जग केलं ती. ती वर बसून एक जाळं विणते, आणि रात्री तिचा छोटा कुत्रा ते उसवून ठेवतो. ज्या दिवशी जाळं पुरं होईल त्या दिवशी जग संपेल.

"आजीशी मी बोलते," मावशी म्हणाली. "ती बाई आहे. तिला एकदा सांगितलं की कळतं. राखण तुझी असली तरी खेळ कधी मागायचा ते बायकांच्या हातात आहे, आणि मी मागतेय. कारण विचारू नकोस. सांगितलं तर तू आणखी जोरात नाही म्हणशील."

काकांनी दोरी बाजूला टाकली. मग उठले, खुंटीवरची पिशवी काढली आणि तिच्या हातात न देता जमिनीवर ठेवली.

"मी खेळणार नाही," ते म्हणाले. "मी पाठ करून बसेन."

"बस की. तुझी पाठ तोंडापेक्षा बरी आहे."

मला वाटलं, ही खरंच वेडी झाली. आठवड्यावर प्रवास आला होता, आईचं डोकं खोक्यात जायची वेळ आली होती, आणि या बाईला चेंडू खेळायचा होता. मी आईला काय तोंड दाखवणार होते?

मावशीने गावात निरोप फिरवला: उद्या खेळ आहे, सगळ्यांनी यायचं, म्हाताऱ्यांनी आणि पोरांनीसुद्धा. बायकांनी कुदळी आणायच्या. आणि मैदान नेहमीचं नाही. नदीकाठी यायचं, थडग्यांपाशी.

आले सगळे. मावशीला नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. पण थडग्यांपासून लांब, झाडांच्या कडेने उभे राहिले. काका एका ओंडक्यावर आमच्याकडे पाठ करून बसले. त्यांची बायकोही तिथेच पुरलेली होती, त्याच काठावर.

मावशी मधे जाऊन उभी राहिली.

"साखर मी खाल्ली," ती म्हणाली. "गोड होती. डोकं मात्र त्याला मिळणार नाही, माझ्या बहिणीचंही नाही आणि तुमच्या कोणाच्याही माणसाचं नाही. तो म्हणतो, उकरलेल्या मातीचं ठिगळ दिसतं. बरोबर बोलतो, शहाणा आहे. पण ठिगळ कधी दिसतं? बाकीचं कापड जुनं असेल तेव्हा. आपण सगळंच कापड नवं करायचं. छपरं काढा, उंचवटे मोडा. मग या झाडापासून त्या वळणापर्यंत सगळा काठ कुदळून काढा, मका पेरायला काढतो तसा. आणि मग त्यावर सगळ्या गावाने नाचायचं, पळायचं, पडायचं, जोवर ही जमीन भाकरीसारखी थापून एकसारखी होत नाही तोवर. नुसतं तुडवा म्हटलं तर तुम्ही पाय मोजून टाकाल, रडत बसाल. खेळताना माणूस पाय कुठे पडतोय ते बघत नाही."

कोणी हललं नाही. एक म्हातारी म्हणाली, "माणसांवर पाय द्यायचा?"

"माझ्या बहिणीनं जन्मभर लोकांना तुडवलं," मावशी म्हणाली. "चेंडूच्या खेळात तर विचारूच नका. तुझा नवरा लंगडतो तो कोणामुळे? एक दिवस तिला तुडवलं तर ती तक्रार करायची नाही."

म्हातारीचा नवरा खरंच आईमुळे लंगडायचा. तोच पहिल्यांदा हसला. मग बायकांनी कुदळी उचलल्या.

छपरं निघाली, त्यांच्या फळ्या जळणासाठी एका बाजूला रचल्या. उंचवटे ओढून पसरले. सगळा काठ तांबडा-काळा झाला. काम झाल्यावर मावशीने पिशवीतून चेंडू काढला आणि सरळ आईच्या जागेवर फेकला.

"जा," ती मला म्हणाली. "आण."

मी तिथेच उभी राहिले. दोन हिवाळे मी त्या जागेच्या कडेला बसून आईशी बोलले होते, एकदाही वर पाय पडू दिला नव्हता. मला रडू आवरेना. मावशीला मी त्या क्षणी काय वाटेल ते बोलले, क्वेकर बायांनी न शिकवलेलं इंग्रजीसुद्धा. तेवढ्यात पुरुषांतला एक उंच पोरगा धावत आला, चेंडूला लाथ मारली आणि जाता जाता म्हणाला, "ससुल्या बाई, बिळातून निघा आता!" मी सशाच्या गटातली.

माझं डोकं फिरलं. मी त्याच्या मागे धावले. आईवरून धावले. त्याला नदीच्या वळणापाशी गाठलं, कमरेला मिठी मारून चिखलात पाडलं, चेंडू काढून घेतला आणि त्याच्या पोटावर पाय देऊन परत पळाले. पुढे त्यानं माझ्याशी लग्न केलं. म्हणायचा, तेव्हाच कळलं होतं की या बाईपुढे आपलं काही चालायचं नाही, मग उगाच लांब कशाला राहा.

आणि मग खेळ पेटला. मी पुष्कळ खेळ खेळलेय, पण तसा नाही. म्हाताऱ्या घागरे वर खोचून धावत होत्या. पाच-पाच बायका एका पुरुषावर बसत होत्या. मेलेल्यांनाही कोणी सोडलं नाही. "बाजूला हो रे मामा, जिवंतपणी आड यायचास, आताही आड येतोस?" असं ओरडत माझी एक चुलतबहीण तिच्या मामावरून उडी मारून गेली. रडत होते ते हसत होते, आणि हसत होते त्यांचे डोळे वाहत होते. दुसऱ्या दिवशीही खेळलो. घोडेसुद्धा फिरवले. जमीन घट्ट होत चालली.

फक्त एक जागा उरली होती. काकांच्या बायकोची. मोडायला गेलेल्या बायकांनी काकांच्या पाठीकडे बघून कुदळ खाली ठेवली होती, आणि खेळणारेही तिला वळसा घालून जात होते. सगळ्या सपाट काठावर तो एकच उंचवटा, नाकावरच्या चामखिळीसारखा. डॉक्टर आंधळा असता तरी त्याला दिसला असता. मावशीला दिसत होता. पण तिला कोणापुढे गप्प बसलेलं मी तेव्हाच पाहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी चेंडू घरंगळत काकांच्या ओंडक्याला जाऊन लागला. सगळे थांबले.

काका वळले. त्यांनी तो सगळा काठ पहिल्यांदा बघितला. मग चेंडू पायाने ढकलत ढकलत, काठी टेकत, त्या उंचवट्यापर्यंत आले. हात लावला नाही, नियम तो नियम. चेंडू वर चढवायला त्यांना बराच वेळ लागला. तो पुन्हा पुन्हा खाली यायचा. कोणी मदतीला गेलं नाही.

"कासवीणबाई," ते मोठ्याने म्हणाले. त्यांची बायको कासवाच्या गटातली. "जन्मभर माझ्या पुढे हळूहळू चालत राहिलीस. वाट अडवून चालत राहिलीस. सर आता जरा." त्यांनी काठी बाजूला टाकली. "सर गं. तो माणूस येतोय."

त्यांनी चेंडू लाथाडला आणि दोन्ही पायांनी उंचवट्यावर उभे राहिले. पाय आपटू लागले. मग मावशी गेली आणि त्यांच्या शेजारी पाय आपटू लागली, मग मी, मग सगळेच.

आम्ही अजून त्या जागेवर होतो, तेव्हा डॉक्टरची गाडी आली, मागे खोकी आणि भुशाची पोती. खेळ बघून तो हरखून गेला. असलं काही त्याने पाहिलं नव्हतं. कोण कोणाच्या बाजूला, नियम काय, हे सगळं त्याने मला विचारलं, आणि मीही सगळं सांगितलं.

"पुरुषांकडे एक गडी कमी आहे म्हणावं," मावशी म्हणाली. "वेथोका दमला."

डॉक्टरने कोट काढला. चांगला दणकट माणूस होता, उड्या मारत मारत आला, आणि पहिलाच चेंडू हातांनी झेलला. पुरुषाने हात लावला! सगळ्या बायका एकदम त्याच्यावर धावल्या. तो बिचारा चेंडू घेऊन घाबरून पळत सुटला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नाल ठोकलेल्या जड बुटांनी जमीन चेचत. आमच्या सगळ्यांच्या मऊ कातडी मोकासिन जोड्यांनी जे झालं नसतं ते त्या बुटांनी केलं. शेवटी मावशीने त्याला आडवा केला आणि त्याच्या छातीवर बसून चिलीम मागितली. तोही हसत होता. मला तो त्या वेळी जवळजवळ आवडला, हेही सांगून टाकते.

पुढे कान्सासात आम्हाला एका क्वेकर पाहुण्याकडून कळलं, की डॉक्टरने त्या काठावर दोन उन्हाळे चर खणले. शेवटी त्याला एक मोठी कवटी मिळाली म्हणे, आणि त्याने ती मोठ्या अभिमानाने पूर्वेकडे पाठवली. काठावर पुरलेलं आमच्या माणसांशिवाय आणखी कोण होतं, ते आम्हाला ठाऊक होतं. फार वर्षांपूर्वी दारू पिऊन नदीत पडलेला एक गोरा व्यापारी होता. कोणी घ्यायला आलं नाही, म्हणून आम्हीच माती दिली होती. तेव्हा कुठल्याशा शहरातल्या फडताळात तो आता शॉनी म्हणून बसला असेल, तर बसू दे. त्याची अक्कल मोजून आमच्याबद्दल काय मत झालं, कोण जाणे.

खेळ संपला तेव्हा ऊन कलंडलं होतं. पुरुष हरले. ते लाकडं रचायला गेले. डॉक्टरने अंगावरचा चिखल झटकला, कोट घातला आणि आजूबाजूला बघितलं. झाडापासून वळणापर्यंत बघितलं. हळूहळू त्याचा चेहरा बदलला.

"थडगी इथेच होती ना?" त्याने विचारलं.

"इथेच," मी म्हणाले.

"सगळी?"

"सगळी."

त्याने टाचेने जमीन दाबून बघितली. मग दुसरीकडे जाऊन दाबली. परत माझ्यापाशी आला. "तुझी आई कुठे आहे?" या वेळी त्याच्या आवाजात गोडवा नव्हता. "तुला तर माहीत असेल."

मी त्याला काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं. भलतीकडे बोट दाखवायचं, वळणापलीकडे कुठेतरी. त्यासाठी आधी खरी जागा कुठे ते बघावं, म्हणून मी वळले.

मला वाटलं होतं, डोळे मिटूनही मी जाईन. मी दोन पावलं गेले. मग वाटलं, नाही, जरा डावीकडे. तिथून झाड जवळ दिसत होतं, आणि आईपासून ते इतकं जवळ नव्हतं. मागे आले. गवत नव्हतं, पाऊलवाट नव्हती, मी बसायचे तो दगड कोणीतरी खेळताना नदीत टाकला होता. मी गुडघ्यावर बसून जमिनीला हात लावला. सगळीकडे सारखीच होती, थंड आणि घट्ट. मी उठले, पुन्हा बसले. डॉक्टर माझ्याकडे बघत उभा होता. त्याने पुन्हा विचारलं नाही. खांदे पाडून तो गाडीकडे निघून गेला.

मावशी आली. तिच्या केसांत माती होती, गाल खरचटला होता.

"काय विचारत होता?"

"आई कुठे आहे ते."

"मग?"

"मला सापडत नाहीये," मी म्हणाले. "मावशी, मला आई सापडत नाहीये."

मावशीने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. काहीतरी टवाळ बोलेल, असं मला वाटलं. तिने बोलायला तोंड उघडलं, मिटलं, आणि माझ्या खांद्यावरून त्या काठाकडे बघितलं.

"मलाही नाही गं सापडत," ती म्हणाली. "मघापासून मी तेच बघतेय."